पहिल्या बाकावरचा मयत

१

ज्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून फादरनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, तो माणूस पहिल्याच बाकावर होता. सगळ्यांबरोबर तोही उभा राहिला.

फादरना आधी काही कळलंच नाही. रविवारच्या प्रार्थनेची मिस्सा संपत आली होती, आणि आठवड्याचा संदेश म्हणजे त्यांचं हक्काचं मैदान. आठवडाभर डोक्यात जे साठलं असेल ते त्यात ओतायचं, मग चार सूचना, आणि शेवटी त्या आठवड्यात देवाघरी गेलेल्यांची नावं. आज नावं दोनच होती. पहिलं पाववालीच्या सासूचं. दुसरं चांगलं लांबलचक, बाप्तिस्म्याचं, तिन्ही भागांसकट. फादरनी ते ठासून वाचलं आणि मान वर केली.

संदेश संपला की एरवी लोकांना कोण घाई! चपला सरकतात, पर्सच्या चेनी वाजतात. आज कुणी हलेना. पहिलं नाव आणि आडनाव ओळखून सगळ्यांचे डोळे एकाच जागी खिळलेले.

"अगं बाई!" पाववाली ओरडली. "फादर, ते तर जिवंत आहेत! हे काय समोर उभे!"

समोर घड्याळजीकाका उभे होते. फादरना या चर्चमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि सगळं गाव ज्या नावानं हाक मारतं तेच त्यांना माहीत. घड्याळं दुरुस्त करतात, चर्चच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळही तेच सांभाळतात, म्हणून घड्याळजीकाका. या माणसाला असं भारदस्त नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काका कुणाकडे न बघता म्हणाले, "चूक झाली असेल," आणि सरळ चालत दाराबाहेर गेले.

चूक झाली होती खरी, पण कशी? या चर्चची रीत अशी. कुणी गेलं की घरचं माणूस बाजूच्या वेदीपाशी लाल काचेच्या पेल्यात मेणबत्ती लावतं आणि पेल्याला नावाची चिठ्ठी चिकटवतं. शनिवारी संध्याकाळी फादर ती नावं बघून रविवारच्या संदेशात घालतात. विचारायचं कुणाला आणि कशाला? मेलेल्याच्या नावानं कोण खोटं बोलतं!

"थट्टा केली असेल कुणीतरी," फादर आतल्या खोलीत मिस्साचा वरचा झगा उतरवताना म्हणाले.

"थट्टा करणारा हसतो हो." दारात फौजदारबाई उभ्या होत्या. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून बाई गायनमंडळात गात. सूर सोडला तर सगळं होतं त्यांच्या गाण्यात. "मी वर गॅलरीत होते. एकूणएक तोंड दिसत होतं मला. हसलं कुणीच नाही."

त्यांनी एक खुर्ची ओढली, दुखरा गुडघा लांब केला, आणि आवाज खाली आणला.

"शनिवारी मेणबत्ती लावणाऱ्याला खात्री होती फादर, की रविवारपर्यंत हे नाव खरं होणार. झालं नाही. बेत फसला. आणि फसलेला बेत माणूस पुन्हा करतो."

२

"पोलिसांना बोलवू या," फादर म्हणाले.

"बोलवा. मेणबत्ती लावणं हा गुन्हा आहे का, हेच ते आधी विचारतील." बाईंनी घंटावाल्याला हाक मारली. "ए, ये इकडे. बस. खोटं बोलायच्या आधी विचार कर."

घंटावाला म्हणजे चर्चची झाडलोट, घंटा, किल्ल्या, जन्म-मृत्यूची दफ्तरं, सगळं बघणारा माणूस. आणि त्याचं आणि घड्याळजीकाकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मनोऱ्याची किल्ली काका कुणाला हात लावू देत नसत. 'घंटा मी वाजवायची आणि घड्याळाला हात लावायचा नाही, म्हणजे मी काय चोर?' असं तो भेटेल त्याला ऐकवत असे.

"मला काहीएक माहीत नाही," तो बसता बसता म्हणाला.

"काय माहीत नाही ते मी विचारतच नाही. सकाळी आलास तेव्हा काय वेगळं दिसलं?"

घंटावाल्यानं डोकं खाजवलं. "वेगळं काही नाही. तेवढी ती मेणबत्ती विझली होती."

"कुठली?"

"तीच. काकांच्या नावाची. बाकीच्या नीट जळत होत्या. मला वाटलं वारा. मी परत लावली. नाव कोण वाचतंय इतक्या सकाळी!"

फौजदारबाईंनी फादरांकडे बघितलं. "तेव्हा चर्चमध्ये कोण होतं?"

"काका होते की. पुढच्या बाकावर बसले होते, मेणबत्त्यांच्या जवळच. मी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला? एरवी शेवटचा बाक सोडत नाहीत."

"आणखी कोण?"

"कुणी नाही. दार मीच उघडलं होतं की. उघडून झाडू आणायला गेलो, तेवढ्यात तेच आत आले." तो थांबला, चुळबुळला, आणि मग मोठ्या कष्टानं म्हणाला, "सांगूनच टाकतो. उद्या तुम्हालाच कळेल आणि माझ्यावर घ्याल. मनोऱ्याची किल्ली माझ्याकडे आहे."

फादर ताडकन उठले. "तुझ्याकडे? काकांकडून घेतलीस?"

"घेतली नाही, फादर! देवाशपथ! त्यांनी दिली. शुक्रवारी स्वतः मला वर नेलं, चावी कशी द्यायची, तेल कुठे घालायचं, सगळं शिकवलं. इतकी वर्षं भांडलो त्या किल्लीसाठी, आणि माणसानं हातावर आणून ठेवली. दुसरी आहे त्यांच्याकडे, पण ही माझी."

तो गेल्यावर फादर म्हणाले, "ज्याला जे हवं होतं ते नेमकं या आठवड्यात मिळालं. आणि काकांचं पूर्ण नाव दफ्तरात आहे. दफ्तरं त्याच्याच हातात."

"हं," बाई म्हणाल्या. "चला, पुतण्याकडे जाऊ."

३

काकांच्या पुतण्याचं चष्म्यांचं दुकान काकांच्या दुकानाला खेटून होतं. मध्ये एकच भिंत. ती पाडून दुकान मोठं करायचं त्याच्या डोक्यात कधीपासून होतं, आणि काका नाही म्हणत. रविवार असूनही तो दुकानात होता, आणि हातात चक्क मोजायची टेप होती. भिंत मोजत होता.

फादरांचं तोंड कडू झालं.

"या फादर! बाई, बसा." त्यानं टेप घाईघाईनं खिशात कोंबली. "सकाळचं ऐकलं मी. मी मिस्साला नव्हतो. कोण असलं घाणेरडं करतं हो?"

"तेच बघतोय," बाई म्हणाल्या. "तुझ्या काकांचं नाव काय रे?"

"काका."

"अरे, नाव!"

पुतण्या गोंधळला. त्यानं पहिलं नाव सांगितलं. मधल्या भागापाशी अडला, दोन भलतीच संतांची नावं सुचवून बघितली, आणि शेवटी ओशाळून हसला. "काकू होती तोवर ती हाक मारायची. पण तीही निम्म्याच नावानं. पूर्ण कुणी कधी म्हटलंय! का?"

"सहज. भिंत पाडणार वाटतं?"

"काकाच म्हणाले, बाई! बुधवारी आले, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, पाडून टाक. मी म्हटलं, आणि तुमचं टेबल? तर म्हणाले, टेबल काय, लाकूड आहे." त्यानं भिंतीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मला आनंद व्हायला हवा होता, नाही? पण झालाच नाही. जेवायलाही येत नाहीत ते आमच्याकडे आता. बायको ताट वाढून वाट बघते. म्हणतात, सूप सांडतं."

रस्त्यावर आल्यावर फादर तणतणले. "गोड बोलणारी माणसं! एकाला किल्ली मिळाली, दुसऱ्याला भिंत. दोघांपैकी एकानं..."

"फादर, तुम्ही पापं माफ करता, मी पकडायचे. म्हणून एक विचारते. हवं ते आधीच हातात पडलेला माणूस कशाला मारायला जाईल?"

फादरांची धास्ती तरी काही कमी होईना. कुणीतरी या म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघत होतं, आणि त्याचं नाव देवासमोर वाचून दाखवलं होतं ते त्यांनी स्वतः.

४

काकांनी दार उघडलं, पण आत या म्हणायला जरा वेळ लावला.

दुकान बघून फादरना चुकल्याचुकल्यासारखं झालं. महिन्यापूर्वी आपलं घड्याळ टाकायला आले होते तेव्हा भिंती टिकटिकीनं भरलेल्या होत्या. आता खिळेच खिळे. टेबलावर एकही घड्याळ नाही, चिमटे आणि पेचकस ओळीनं पुसून ठेवलेले.

"बरं झालं आलात," काका म्हणाले. दोन्ही हात कोटाच्या खिशात. "तुमचं घड्याळ तेवढं राहिलंय. फळीवर आहे, घ्या. नाही जमलं मला. दुसरीकडे दाखवा."

"काका, घड्याळ मरू दे!" फादर म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे... तुमचं कुणाशी वैर आहे का? कुणाचा संशय?"

"वैर? मी लोकांची घड्याळं वेळेवर देत नाही म्हणून शिव्या खाल्ल्या असतील. पण शिव्यांनी कोण मरतं!" काका हसले. हसू नुसतं ओठांवर. "नका काळजी करू. मी आज संध्याकाळी लेकीकडे चाललोय."

"वा! उत्तम!" फादरांचा जीव भांड्यात पडला.

फौजदारबाईंनी मनगट पुढे केलं. "जायच्या आधी माझं एवढं लावून द्या की. मागे पडतंय."

"चष्मा नाही जवळ."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. बाईंनी मनगट मागे घेतलं.

निघताना काका दारापर्यंत आले. "फादर, तुमचा संदेश मी दर रविवारी मन लावून ऐकतो हं. मागच्या रविवारचा तर पाठच झालाय."

फादर एवढ्या संकटातही सुखावले. माणूसच ना शेवटी! मागच्या रविवारचा संदेश त्यांनाही आवडला होता. नाक्यावर दिवसभर टवाळक्या करणाऱ्या पोरांना त्यांनी चांगलं झोडपलं होतं.

वळणावर पोचताच बाईंनी फोन काढला. पाववालीकडून काकांच्या लेकीचा नंबर घेतला, आणि तिथेच रस्त्यात उभ्या राहून बोलल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"लेकीला काही माहीत नाही, फादर. बाबा येणार आहेत हे ती माझ्याकडून ऐकतेय."

५

"बसा," बाई चर्चच्या अंगणातल्या कट्ट्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आणि मला सांगा, काका नेहमी जे करतात त्यातलं आज काय केलं नाही?"

"आज? शेवटच्या बाकावर बसले नाहीत."

"आणखी."

फादर विचारात पडले. मग त्यांना आठवलं. आल्यापासून दर रविवारी काका दारात गाठून एकच वाक्य ऐकवायचे: फादर, आज इतकी मिनिटं जास्त झाली. पहिल्या रविवारी राग आला होता, मग सवय झाली. "मी किती लांबलो ते सांगितलं नाही. पण ते मागच्या रविवारीही नाही सांगितलं. मला वाटलं, संदेश आवडला म्हणून गप्प आहेत."

"आता माझं ऐका. चिठ्ठीवर पूर्ण नाव होतं. ते सख्ख्या पुतण्यालाही येत नाही. म्हणजे उरला दफ्तरवाला घंटावाला. पण आज सकाळी ती मेणबत्ती कुणीतरी विझवली होती, तुम्ही नाव वाचायच्या आधी. तेव्हा अशी मेणबत्ती आहे हे माहीत कुणाला? लावणाऱ्याला. आणि तुम्हाला. घंटावाल्यानं लावली असती तर स्वतः विझवून परत कशाला पेटवेल, आणि वर येऊन आपल्याला कशाला सांगेल? त्या वेळी चर्चमध्ये दुसरा एकच माणूस होता. नेहमीची जागा सोडून मेणबत्त्यांजवळ बसलेला. कुणाची चाहूल लागली की आपण काय करतो? जवळ दिसेल त्या बाकावर बसतो."

फादरना आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा ते कट्ट्यावरून उठलेच.

"पण... स्वतःच्या नावानं?"

"किल्ली दिली. भिंत दिली. लोकांची घड्याळं परत केली. कुणी काही हिसकावलेलं नाही, फादर. माणूस आवराआवर करतोय. चमचा धरवत नाही म्हणून जेवायला जात नाही. आपल्यासमोर खिशातून हात बाहेर काढले नाहीत. त्यांचे हात गेलेत." बाई फादरांकडे वळल्या. "मागच्या रविवारी तुम्ही काय बोलला होता? मी गाण्याची पानं शोधत होते, लक्ष नव्हतं माझं."

फादरना शब्दन् शब्द पाठ होता. आरशासमोर उभं राहून घोकला होता.

"देवानं हात दिलेत ते कामासाठी," ते कसेबसे म्हणाले. "ज्याचे हात कामाचे राहिले नाहीत, तो चालताबोलता मेलेलाच."

तेवढ्यात बाईंनी झटकन मनगटावर बघितलं, मग वर मनोऱ्याकडे.

"फादर, माझं घड्याळ मागे पडतं, तरी यात सहा वाजून गेलेत. टोले ऐकले तुम्ही?"

मनोऱ्यावरचं घड्याळ वाजलंच नव्हतं. काटे थांबले होते. आणि खाली मनोऱ्याचं दार उघडं होतं.

"पळा!" बाई ओरडल्या. "माझा गुडघा नाही चढायचा. पळा तुम्ही!"

६

फादर एवढ्या जोरात कधी धावले नव्हते. जिना अरुंद, झगा पायात येत होता, आणि तोंडात प्रार्थनेचे अर्धे अर्धे तुकडे. वर पोचले तेव्हा हाक मारायलाही श्वास उरला नव्हता.

काका मोठ्या चाकांशेजारी जमिनीवर बसले होते. लंबक थांबलेला. दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले.

"स्क्रू पडला," ते म्हणाले. "दर वेळी पडतो."

फादर धाप टाकत त्यांच्यापाशी बसले.

"त्या गाढवानं लंबकाखालचा नट भलतीकडे फिरवला," काका म्हणाले. "सगळं शिकवलं होतं मी त्याला. काल संध्याकाळी मी आपला तयार होऊन बसलो होतो घरी. मेणबत्ती लावून आलो होतो. आपणहून गेलेल्याला कोण मेणबत्ती लावतं, फादर? म्हणून आधीच लावली. आणि सहाचे टोले पडले उशिरा. म्हटलं, छे! असं चुकलेलं घड्याळ मागे ठेवून जायचं? सकाळी आलो नीट करायला. येता येता मेणबत्ती विझवली, म्हटलं राहू दे, बघू. पण हात ऐकेनात. स्क्रू काही बसला नाही. खाली आलो, परत त्याच बाकावर बसलो, आणि तुम्ही माझं नाव वाचलं. मला वाटलं, देवानंच सांगितलं. आता काय थांबायचं! म्हणून घड्याळ तेवढं लावायला परत वर आलो."

"देवानं नाही सांगितलं," फादर म्हणाले. "देव त्यात कुठेच नव्हता. मी होतो. नाक्यावरच्या पोरांना टोमणा मारायचा म्हणून जमवलेलं वाक्य होतं ते. लोकांनी वा म्हणावं म्हणून. त्यातली दोन पोरंसुद्धा मिस्साला नव्हती, आणि लागलं ते तुम्हाला."

फादरनी त्यांना नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, तिन्ही भागांसकट. सकाळी मेलेल्या माणसाचं म्हणून वाचलेलं तेच नाव.

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ती गेल्यापासून," तो म्हणाला, "कुणी हाक मारली नव्हती."

फादरनी काखेतले हात हळूच सोडवून घेतले. हात नुसते थरथरत होते. ते त्यांनी आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. मग जमिनीवर चाचपून तो बारीक स्क्रू शोधला.

"हात माझे," ते म्हणाले. "सांगायचं तुम्ही. कुठे बसवू?"

"उलटा धरलाय," काका नाक पुसत म्हणाले. "कसला माणूस आहे हा! उलटा धरलाय तुम्ही तो."

७

पुढच्या रविवारी चर्च गच्च भरलं. पाववालीनं गावभर केलं असणार, दुसरं काय.

काका शेवटच्या बाकावर होते. एका बाजूला लेक, जी निरोप मिळाला त्या रात्रीच निघून आली होती. ती त्यांना डॉक्टरकडेही घेऊन गेली होती. दुसऱ्या बाजूला पुतण्या. भिंत अजून उभी होती. पाडायची झाली तर काकांचं टेबल मधोमध राहील, असं त्यानं बजावलं होतं. आता घंटावाला रोज त्या टेबलापाशी बसून शिव्या खात शिकत होता.

फादरनी या वेळी कागद आणलाच नाही.

"दोन रविवारांपूर्वी मी इथून एक वाक्य बोललो," ते म्हणाले. "कामाचे हात आणि मेलेले हात. ते वाक्य नुसतं कठोर नव्हतं, खोटं होतं. मी ते तुमच्या सगळ्यांसमोर परत घेतो. माझ्या आईला शेवटी चमचा धरता येत नव्हता. आम्ही भरवायचो. ती आमच्याकडे बघून हसायची, आणि आमचा दिवस त्या हसण्यावर निघायचा. हे ज्याला माहीत होतं त्यानं असं बोलावं? मला लाज वाटते. ज्यांना ते लागलं, त्यांनी मला माफ करावं. आणि कुणाला घरात एकट्यानं जड होत असेल, तर मेणबत्ती लावू नका. माझ्या दारावर थाप मारा. केव्हाही."

ते आणखी बरंच बोलले. थांबवेना त्यांना. शेवटी म्हणाले, "या आठवड्यात देवाघरी कुणी गेलेलं नाही," आणि गॅलरीतून फौजदारबाईंनी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून वरच्या पट्टीत आणि साफ बेसूर गाणं सुरू केलं.

मिस्सा सुटल्यावर फादर दारात उभे राहिले. लोक हात मिळवून जात होते. काका शेवटी आले, लेकीच्या दंडाला धरून. फादरांसमोर थांबले. आठवडाभर दोघं रोज भेटत होते, पण हा माणूस आता काय म्हणेल, याचा त्यांना काही अंदाज नव्हता.

काकांनी आधी मनोऱ्याकडे बघितलं, मग फादरांकडे.

"फादर," ते म्हणाले, "आज नऊ मिनिटं जास्त झाली."

फादरना तिथेच, सगळ्यांसमोर रडू फुटलं.

"रडू नका आता," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा आटोपतं घ्या. मी ऐकायला आहे."